तीन रेघांचा माणूस

गल्लीत त्यांना सगळे कप्तान म्हणत. नौदलात त्यांचा हुद्दा काय होता ते वाण्याला ठाऊक नव्हतं आणि इस्त्रीवाल्यालाही. बोटीवरचा साहेब म्हणजे कप्तान, एवढंच लोकांना कळायचं. मग बायको आपोआप कप्तानीण झाली. तिनं समुद्र लांबूनच पाहिलेला. पाण्यात पाय बुडवायचे तरी ती आधी चप्पल कुठं ठेवायची ते बघायची. पण नाव पडलं ते पडलं.

कप्तानांचे वडील धान्याच्या बाजारात मापाडी होते. पोती तोलायचं काम. पोरगा शाळा सुटली की वडिलांजवळ जाऊन बसायचा. वडिलांनी त्याला दुसरं काही शिकवलं नाही, एक गोष्ट मात्र शिकवली. "काट्याकडे बघू नकोस रे, काटा धरणाऱ्याच्या बोटाकडे बघ." पोरानं ते इतकं मनावर घेतलं की पुढं जन्मभर त्याला काटा दिसलाच नाही, बोटंच दिसत राहिली. आईनं ताटात भाकरी वाढली तरी भावाच्या ताटात कोणती पडली ते आधी बघायचा. आई म्हणायची, "मेल्या, दोन्ही मीच थापल्यात ना!"

नौदलात गेला तेव्हा मिसरूड नुकतं फुटलेलं. पहिल्या सफरीत बादली मांडीवर घेऊनच झोपायचा, पोटात पाणीसुद्धा ठरायचं नाही. बरोबरची पोरं हसली. पण हा बादली धरूनही नकाशा वाचायचा, परीक्षा द्यायचा. शिपाई म्हणून गेलेला माणूस अधिकारी झाला, आणि पुढं त्याला काम मिळालं ते त्याच्या स्वभावाला हातात बांगडी बसावी तसं बसलं. जहाज नेमकं कुठं आहे ते सांगायचं.

ते काम कसं चालतं ते कप्तानीणीनं इतक्यांदा ऐकलंय की ती झोपेतही सांगेल. किनाऱ्यावरच्या तीन खुणा धरायच्या. एखादं दीपगृह, एखादं गिरणीचं धुराडं, एखादी उंच पाण्याची टाकी. होकायंत्रातून एकेकाची दिशा बघायची आणि नकाशावर तशी रेघ मारायची. तीन रेघा जिथं भेटतील तिथं आपलं जहाज. आता खरी गोम अशी की तीन रेघा एका ठिपक्यात कधीच भेटत नाहीत. जहाज चालत असतं, हात हलतो, डोळा चुकतो. त्यामुळं मध्ये एक छोटासा त्रिकोण पडतो. त्रिकोण मोठा पडला तर काहीतरी चुकलंय. इवलासा पडला तर सगळं ठीक.

हे ज्ञान माणसानं जहाजावर ठेवून घरी यावं ना! पण नाही. लग्नाआधी कप्तान मुलीच्या घरी जेवायला आले तेव्हा त्यांनी मुलीला हळूच विचारलं, "आजचा स्वयंपाक कोणी केला?" ती म्हणाली, ताईनं. ताईला विचारलं, ती म्हणाली, आईनं. आईला विचारलं, तर आई म्हणाली, सगळं आमच्या धाकटीनंच केलं हो! दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. कप्तान खूश. तिघींनी ठरवून काही सांगितलं नाही म्हणजे घर सरळ आहे, असा त्यांचा हिशेब. लग्न झालं.

संसार कसा, तर महिनोन्महिने माणूस पाण्यावर, आणि घरी आला की पहिला दिवस तपासणीत जायचा. "ह्या कपाटाची जागा बदलली का?" बायकोला विचारायचं, मग लेकीला, मग दूधवाल्याला. दूधवाला बिचारा म्हणायचा, "साहेब, मी दारातून पुढं कधी आलोय का?" तर कप्तान म्हणायचे, "म्हणजे तुला ठाऊक आहे की कपाट आतल्या खोलीत आहे."

जहाजावरचे लोक त्यांना पाठीमागं शंकासुर म्हणत. तेही त्यांना ठाऊक होतं. तिघांकडून खात्री करून घेतली होती.

आणि मग त्या शंकासुराला पदक मिळालं.

ते असं झालं. जहाज बंदरात शिरत होतं, आत पुरातून सोडवून आणलेली माणसं खचाखच भरलेली, बाहेर धुकं. कधी किनारा दिसायचा, कधी नाही. एक तरुण अधिकारी खुणा बघत होता, कप्तान नकाशावर वाकलेले. त्या तरुणानं तीन रेघा मारल्या आणि तिन्ही एका ठिपक्यात भेटल्या. सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यात. जहाजाचे मोठे साहेब म्हणाले, "वा! चला पुढं." कप्तान म्हणाले, "थांबा. इतकं बरोबर येत नाही." मोठे साहेब भडकले. आत लेकरं रडतायत, आणि ह्याला रेघ सरळ आली म्हणून दुखतंय! पण जहाजाची जागा सांगायची जबाबदारी कप्तानांची. ते हटले नाहीत. नांगर टाकायला लावला. मग त्या तरुणाकडं वळून म्हणाले, "धुराडं दिसलं होतं?" त्यानं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, नव्हतं दिसलं, दोन रेघा जिथं भेटल्या तिथूनच तिसरी काढली. दिसलं नाही म्हणायची भीती वाटली. आणि त्या दोन रेघांतली एक तर भलत्याच टाकीवरून घेतलेली. धुकं उठलं तेव्हा समोर खडक दिसले, दात विचकून बसलेले.

पदक मिळालं त्या दिवशी कप्तानीण दुसऱ्या रांगेत बसली होती. बोलणारा साहेब 'असामान्य सतर्कता' म्हणाला तेव्हा ती शेजारच्या बहिणीला म्हणाली, "आपण घरात ह्यालाच किरकिर म्हणतो गं."

बहीण हसली. पण कप्तानीणीला हसू आलं नाही. संशयानं एवढ्यांचे जीव वाचले होते, ते खरंच. पण आता ह्या माणसाला 'उगीच शंका घेऊ नका' असं कोण आणि कुठल्या तोंडानं सांगणार?

कुणीच सांगितलं नाही. निवृत्त होऊन घरी बसले तर शंकाही पूर्ण वेळ घरी बसल्या. भाजीवाल्याकडून आणलेली भाजी घरच्या काट्यावर पुन्हा तोलायची. टपालवाला उशिरा आला तर कुठं थांबला होता. कप्तानीणीनं कानाला खडा लावला होता, विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही आणि विचारलं तर थोडं चुकीचं सांगायचं. तेवढ्यानं घर चालत होतं.

खरी पंचाईत लेकीची झाली. घरात तिला बाळी म्हणत, आणि ही बाळी आता पस्तिशीची. दातांच्या कवळ्या बनवायच्या एका कारखान्यात कामाला. साच्यातून काढलेला एकेक दात घासून, रंग जुळवून बसवायचा. ती म्हणायची, "लोक दात काढतात, मी घालते." हुशार, हसरी पोर. पण तिच्यासाठी आलेला कुणी कप्तानांच्या नजरेखालून पार जाईना. एकाच्या बुटाच्या तळाला किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली. कप्तान म्हणाले, "दुकानात परत करायचे असणार. बूट परत करतो तो बायकोही परत करेल." दुसरा बँकेतला, दर वाक्याला 'खरं सांगू का' म्हणायचा. "म्हणजे एरवी काय सांगतो?" गेला तोही.

बाळीच्या कामाच्या भिंगाची काच कारखान्यात फुटली. ती बसवायला ती एका चष्म्याच्या दुकानात गेली. काच एकदाच फुटली होती, पण बाळी पुढं बऱ्याचदा गेली. चष्मेवाला चाळिशीला टेकलेला, बोलणं कमी, हात नेटका. एक दिवस तिनं आईला आणि मावशीला स्वयंपाकघरात उभं करून सगळं सांगितलं. त्याचं एक लग्न झालं होतं, टिकलं नाही, रीतसर मोडलं. हे त्यानं पहिल्याच आठवड्यात तिला सांगितलं होतं.

"आणि आई, एक ऐक. बाबांनी ह्याला घालवला ना, तर मी त्याच्याबरोबर जाईन. भांडणार नाही. पण मग ह्या घरात येणार नाही."

ती चिडून बोलली असती तर कप्तानीणीला भीती वाटली नसती. पोर शांतपणे बोलत होती आणि बोलता बोलता ओटा पुसत होती.

मावशी म्हणजे कप्तानीणीची थोरली बहीण. भलतीच कर्ती बाई. तिनं पदर खोचला. "पहिल्या लग्नाचं भावोजींना सांगायचंच नाही. ते खोदत खोदत त्या बाईच्या माहेरापर्यंत जातील. ते विचारतील तिघांना. मला विचारतील, बाळीला विचारतील आणि दुकानाशेजारच्या शिंप्याला विचारतील, पँट आखूड करायला तिथंच जातात ना? मग तिघांनी एकच सांगायचं. मुलगा निर्व्यसनी, दुकान स्वतःचं, घरी फक्त आई, आणि स्वभाव शांत. झालं!"

"ताई, एकच नको गं," कप्तानीण म्हणाली.

"मग काय तीन गोष्टी सांगायच्या? तू गप. तुला भीती वाटते म्हणून तुला काही सांगायचं कामच नाही ठेवलेलं."

कप्तानीण मूग गिळून बसली. चूक झाली ती तिथंच. त्या घरात रेघांचं शास्त्र तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

चष्मेवाल्याचं स्थळ कानावर आलं तसं कप्तानांनी बाळीला विचारलं. बाळी म्हणाली, "निर्व्यसनी आहे, दुकान स्वतःचं, घरी फक्त आई, आणि स्वभाव शांत." कप्तानांनी मान हलवली. संध्याकाळी मावशी आली. "भावोजी, मुलगा निर्व्यसनी हो. दुकान स्वतःचं. घरी फक्त आई. आणि स्वभाव शांत." कप्तानांची मान हलायची थांबली. दुसऱ्या दिवशी ते मापात असलेली पँट आखूड करायला घेऊन गेले. शिंपी मशीनवरून मानही वर न काढता म्हणाला, "निर्व्यसनी, दुकान स्वतःचं, घरी फक्त आई. आणि भावोजी, स्वभाव शांत."

शिंपी! भावोजी! पढवलेला पोपट निदान आवाज तरी बदलत असेल.

कप्तान घरी आले, शिंपी 'भावोजी' म्हणाला एवढंच सांगितलं आणि पुढं काही बोलले नाहीत. हेच वाईट होतं. ओरडणारा माणूस कळतो, पण कप्तान गप्प झाले की कप्तानीणीला हवामान बिघडल्यासारखं वाटायचं. तिला त्यांची आणखी एक गोष्ट ठाऊक होती. हल्ली चहा ओतताना त्यांचा हात कपाच्या जरा बाहेर जायचा. बशीत चहा सांडला की म्हणायचे, "कोणी हलवला कप?" कप हललेला नसायचा. तीही काही बोलत नव्हती. पुसून घ्यायची.

रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी कप्तान म्हणाले, "चल. मला चष्मा करायचाय."

"आत्ता?"

"का? डोळ्यांना वार असतो का?"

वाटभर ती विचार करत होती. मला कशाला बरोबर घेतलं? बोटं बघायला. काटा तिथं, बोटं माझी. तिनं हात पिशवीत घातले.

दुकान लहान, पण लखलखीत; बाळीबरोबर ती इथं एकदा येऊन गेली होती. भिंतीवर चष्म्याच्या नुसत्या चौकटी, डोळे नसलेल्या माणसांसारख्या. आत एक उंच खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता, वरून दिवा. खुर्चीवर आधीच एक म्हातारी बसून अक्षरं वाचत होती. कप्तान बाकावर बसले. कप्तानीणीनं चष्मेवाल्याकडं बघून हळूच मान नकारार्थी हलवली. त्याला काय कळलं कुणास ठाऊक, तो म्हणाला, "या काकू, बसा ना."

"ओळखता?" कप्तानांनी विचारलं.

"हो, बाळीबरोबर आल्या होत्या की."

तेव्हा कप्तानीणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ताईनं शिंप्यालाही पढवलं होतं. फक्त नवऱ्यामुलालाच पढवायचं राहिलं होतं!

कप्तान तिच्याकडं बघून म्हणाले, "असं का?" आणि पुन्हा समोर बघायला लागले. तिला वाटलं, आता माझी चौकशी मनातल्या मनात सुरू झाली. पण मग तिचं लक्ष गेलं. कप्तानांचे ओठ हलत होते. म्हातारी एकेक अक्षर वाचत होती आणि कप्तान ते मनाशी म्हणत होते. पुन्हा पुन्हा. शाळेतलं पोर पाढे पाठ करतं तसं. कप्तानीणीला आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि तिनं पिशवीतून हात बाहेर काढले.

म्हातारी उठली, कप्तान बसले. चष्मेवाल्यानं डावा डोळा झाकला. उजव्यानं त्यांनी वाचलं. मग उजवा झाकला. डाव्या डोळ्यानं कप्तानांनी तक्ता वरपासून खालपर्यंत धडाधड वाचला, अगदी शेवटच्या मुंगीएवढ्या ओळीसकट. जिथं म्हातारी चुकली होती तिथं हेही चुकले.

चष्मेवाला "छान" म्हणाला. आणि दोरी ओढून दुसरा तक्ता खाली सोडला.

कप्तान तक्त्याकडं पुढं वाकले.

"घाई नाही," चष्मेवाला म्हणाला.

"पहिलं अक्षर..." कप्तान म्हणाले. मग थांबले. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाले. "दिसत नाही."

एवढ्या वर्षांत कप्तानीणीनं हे दोन शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. तिला वाटलं, उठावं आणि त्यांना तिथून घेऊन जावं.

चष्मेवाल्यानं बारीक दिव्यानं डोळ्यात बघितलं. "काका, मोतीबिंदू पिकत आलाय. चष्म्यानं भागणार नाही, ऑपरेशन लागेल. डॉक्टरांचा पत्ता देतो."

"चष्मा नाही विकणार?"

"तुम्हाला दिसणारच नसेल तर काय विकू?"

कप्तान खुर्चीवरच बसून राहिले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आमच्या बाळीशी लग्न करायचंय म्हणे."

"हो. मीच घरी येणार होतो. बाळी म्हणाली, थोडं थांब." त्यानं दिवा बंद करून ठेवला. "माझं एक लग्न मोडलंय, ते घरी कळलंच असेल तुम्हाला."

कप्तानीण चष्म्यांच्या चौकटींकडं बघायला लागली. गोल, चौकोनी, गोल. आता हे वळतील. म्हणतील, असं! आणि बाळी शांतपणे पिशवी भरेल, ओटा पुसून ठेवेल आणि जाईल. तिनं डोळे मिटून घेतले.

"कळलंय," कप्तान म्हणाले. "हिनंच सांगितलं."

तिनं डोळे उघडले. कप्तान खुर्चीवरून उतरत होते. पायरी डाव्या बाजूला होती, त्यांचा पाय चाचपडला. चष्मेवाल्यानं हात पुढं केला. एरवी त्यांनी तो आधी नीट बघून घेतला असता. आज धरला.

दोघं घराकडं निघाली. रस्ता ओलांडताना तिनं त्यांचा डावा दंड पकडला.

"मी सांगितलं नव्हतं तुम्हाला," शेवटी तीच म्हणाली.

"ठाऊक आहे."

"मग खोटं का बोललात?"

"तुला तोंडघशी पाडायला नेलं होतं," कप्तान म्हणाले. "आणि पडलो मीच. मग म्हटलं, दोघांनी कशाला पडायचं?" थोडं चालून म्हणाले, "माझ्या डोळ्याचं तुला ठाऊक होतं?"

"बशी रोज मीच पुसते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला सांगायचं म्हणजे काय सोपं असतं का हो? खरं सांगावं तर तुम्ही पुरावा मागता, खोटं सांगावं तर शोधून काढता. राहता राहिलं गप्प बसणं. तेच सगळ्या घरानं केलंय." तिचा आवाज चढला, बाजूचा पानवाला बघायला लागला. "पोर जाणार होती घरातून! तुम्हाला शिंपी 'भावोजी' म्हणाला त्याचं पडलंय, मला ती जाणार ह्याचं पडलं होतं."

कप्तान रस्त्यातच थांबले. "जाणार होती?"

"होय."

"मला कुणी सांगितलं नाही."

"बघा!"

त्यांचा चालायचा वेग वाढला. मध्ये एकदाच पुटपुटले, "पहिली बायको का गेली, ते विचारायला हवं होतं." कप्तानीण म्हणाली, "बाळीनं विचारलंय." "काय म्हणाला?" "ते तिला सांगितलंय ना? तुमचं कशाला मध्ये?" कप्तानांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या मिटण्याचा त्यांना किती त्रास झाला तो तिला दंडातून कळत होता.

घरी बाळी दारातच उभी. मावशीही आली होती, तिचा चेहरा चोराच्या मनात चांदणं असावं तसा. दोघींनी कप्तानीणीच्या तोंडाकडं बघितलं. तिनं काहीच दाखवलं नाही. हे बोलणं तिचं नव्हतं.

कप्तान खुर्चीवर टेकले. "मुलगा मी बघून आलो," ते म्हणाले. "म्हणजे अर्धा बघून आलो. ह्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. दिसत नाही मला." बाळीकडं बघून म्हणाले, "तू ठरवलंयस ना? मग करून टाका. ऑपरेशन नंतर करू. लग्नात मला अर्धंच दिसलेलं तुम्हा सगळ्यांना बरं."

मावशी हसायला गेली आणि थांबली. बाळी पुढं आली, वडिलांपुढं उकिडवी बसली आणि त्यांचा डावा डोळा बघायला लागली. कारखान्यात दात बघायची तसा, पापणी जराशी वर करून.

"नाही बाबा," ती म्हणाली. "आधी डोळा. मग त्याला घरी बोलवा, समोर बसवा आणि काय विचारायचं ते विचारा. पहिल्या लग्नाचंही विचारा. मला तुम्ही नीट बघितलेलाच मुलगा हवाय."

कप्तानांनी चांगला डोळा बारीक करून बायकोकडं बघितलं.

"हे तू पढवलंस का तिला?"

"नाही हो," कप्तानीण म्हणाली. "हे तिचं तिचं आहे."

कप्तानांनी मावशीकडं बघितलं. मावशीनं दोन्ही हात वर केले.